गेम खेळणं वेगळं, घडवणं वेगळं

“दिवसभर गेमच खेळतो ना, मग तेच शिकू दे,” म्हणणारे पालक आणि “गेम शिकून पोट भरतं का?” म्हणून आडवे येणारे पालक, दोघांचाही अंदाज चुकतो. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत हा विषय कसा शिकवतात ते पाहिलं की हे लक्षात येतं.

नॉर्थ कॅरोलायना राज्यात अशी 58 सरकारी कॉलेजं आहेत. प्रवेशासाठी गळेकापू स्पर्धा नाही. एकाच वर्गात नुकतीच बारावी झालेला मुलगा असतो आणि नोकरी सांभाळून येणारी चाळिशीची बाईही. राज्याच्या रहिवाशांना गेली काही वर्षं एका क्रेडिटमागे 76 डॉलर फी आहे. रालीच्या वेक टेक कॉलेजात ‘सिम्युलेशन अँड गेम डेव्हलपमेंट’ची दोन वर्षांची असोसिएट पदवी मिळते. ‘फोर्टनाइट’ बनवणाऱ्या एपिक गेम्सचं मुख्यालयही त्याच काउंटीत, केरीला.

शिकवतात काय? सुरुवातीला बऱ्याचदा कागद, फासे आणि सोंगट्या. नियम बदलला की खेळणाऱ्याचं वागणं कसं बदलतं, ते कॉम्प्युटरला हात न लावताही कळतं. मग इंजिन, म्हणजे गेम बांधायचं सॉफ्टवेअर येतं, युनिटी किंवा अनरियल. लेव्हल आधी नुसत्या करड्या ठोकळ्यांची बांधायची, रंगरंगोटी नंतर. एक बारकावा सांगतो. कड्यावरून उडी मारताना खेळणाऱ्याचं बटण हमखास क्षणभर उशिरा दाबलं जातं. म्हणून पाय कड्यावरून सुटल्यावरही साधारण एक दशांश सेकंद उडी मान्य करतात. हा सेकंदाला साठ फ्रेमच्या खेळातला जेमतेम सहा फ्रेमचा हिशेब. खेळणाऱ्याला या मेहेरबानीचा पत्ताच नसतो, पण ती काढून टाका, तो लगेच कुरकुरतो: “कंट्रोल खराब आहेत.”

हे पुस्तकातून उमगत नाही. त्यासाठी प्लेटेस्ट लागते. आपला खेळ परक्याच्या हाती द्यायचा आणि शेजारी गप्प बसायचं. “अरे, डावीकडे दार आहे!” असं ओरडायचं नाही. माझ्या मते या शिक्षणातला सगळ्यात कठीण धडा हाच, आणि तो देण्यासाठी महागडं विद्यापीठ लागत नाही.

आता अडचणी. पदवी हाती आली म्हणून नोकरी ठेवलेली नसते. सप्टेंबर 2023 मध्ये खुद्द एपिकनेच सुमारे 830 जणांना घरी पाठवलं. नोकरी देणारा आधी पोर्टफोलिओ मागतो. त्यात अर्धवट राहिलेल्या अवाढव्य स्वप्नापेक्षा पुरा केलेला पाच मिनिटांचा खेळ भाव खातो.

दुसरी अडचण पदवीच्या नावात दडलेली असते. ही पदवी बहुधा ‘असोसिएट इन अप्लाइड सायन्स’ असते आणि तिचा भर थेट नोकरीवर असतो. पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जायचं, तर तिचे सगळे क्रेडिट धरले जातीलच असं नाही. नॉर्थ कॅरोलायनात सरकारी विद्यापीठांशी झालेला सर्वसाधारण क्रेडिट-करार ‘असोसिएट इन आर्ट्स’ आणि ‘असोसिएट इन सायन्स’ या पदव्यांसाठी आहे.

पुण्या-नाशिकहून जाऊ पाहणाऱ्यांचं गणित तर निराळंच. बाहेरच्यांना फी कितीतरी जास्त पडते. असोसिएट पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावर कामाची मुभा जास्तीत जास्त 12 महिने मिळते. स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांसाठीच्या 24 महिन्यांच्या मुदतवाढीला किमान बॅचलर पदवी लागते. तेव्हा पैसे भरण्याआधी पुढच्या विद्यापीठाकडून एक गोष्ट लेखी मागून घ्या: यातले नेमके कोणते क्रेडिट तुम्ही धरणार?