ताई, माझा नंबर दिसतो का तुम्हाला?

रेडिओवरच्या थेट फोन-इन कार्यक्रमात श्रोत्याला निवेदकाच्या आधी माझा आवाज ऐकू येतो. फोन उचलायचा, नाव-गाव-विषय लिहून घ्यायचा, घरातला रेडिओ बंद करायला सांगायचं आणि लाइन स्टुडिओत द्यायची, हे माझं काम. विषय दारूचा किंवा घरातल्या मारहाणीचा असला की पलीकडची बाई हलक्या आवाजात विचारते, "ताई, माझा नंबर दिसतो का तुम्हाला? कोणी मला शोधून काढेल का?"

नंबर दिसतो. आपल्याकडे तो लपवण्याची सोय सामान्य ग्राहकाला मिळत नाही. प्रक्षेपणात मात्र फक्त आवाज जातो.

सिनेमातला पोलीस "अजून मिनिटभर बोलत ठेवा" म्हणतो, ते जुन्या यांत्रिक एक्स्चेंजला लागू होतं. तिथं कॉल चालू असेपर्यंत तंत्रज्ञाला एकेक स्विच तपासत मागं जावं लागे. आता कोणी कोणाला, कधी, किती वेळ आणि कोणत्या टॉवरवरून फोन केला, याची नोंद कंपनीकडं आपोआप होते. घाईनं फोन ठेवून ती टळत नाही. पण ती आम्हाला मिळत नाही, आणि सिम त्याच्या नावावर नसेल तर नवऱ्यालाही नाही. पोलिसांना ती कायदेशीर मार्गानं मागवावी लागते. बोलणं चोरून ऐकायचं तर त्याहून वरची परवानगी हवी. फोन टॅपिंगच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांच्या आदेशाची अट घातली.

मग माणूस सापडतो कसा? अमेरिकेत ११ सप्टेंबर १९९७च्या रात्री आर्ट बेल यांच्या 'कोस्ट टू कोस्ट' या रेडिओ कार्यक्रमात एका घाबरलेल्या माणसाचा फोन आला. नेवाडातल्या 'एरिया ५१' या गुप्त लष्करी तळावर आपण कामाला होतो, आपला ठावठिकाणा आता लवकरच काढला जाईल, असं तो रडवेल्या आवाजात सांगत होता. तेवढ्यात उपग्रहाची जोडणी तुटली आणि कार्यक्रमच बंद पडला. पुढच्या वर्षी एकानं फोन करून ते सोंग आपलंच होतं, असं सांगितलं. लोक आजही त्या तुटलेल्या जोडणीबद्दल वाद घालतात. मला मात्र त्या माणसाचं सुरुवातीचं वाक्य महत्त्वाचं वाटतं. आठवड्यापूर्वी वैद्यकीय कारणावरून आपल्याला कामावरून कमी केलं, असं तो म्हणाला होता. तो खरा असता, तर त्याला शोधायला फोनचा माग काढायची गरजच नव्हती. हजेरीपुस्तक उघडलं असतं की काम झालं.

आमच्याकडं हेच घडतं, फक्त गावाच्या मापानं. बाई नाव बदलून सांगते, मी तालुकाही गाळते. बोलता बोलता मन मोकळं होतं आणि ती सांगते, "आमचे हे सोसायटीत क्लार्क, धाकटी नणंद यंदाच माहेरी परतलीय." गावात असं घर एकच असतं. शिवाय आवाज ओळखणारी सासू त्याच वेळी रेडिओ ऐकत असू शकते. काही केंद्रांवर आवाज काही सेकंद उशिरा प्रक्षेपित करणारं यंत्र असतं; बटण दाबलं की तेवढा भाग गळतो. यंत्र नसेल तर निवेदकानं फोनच्या आवाजाची पट्टी (फेडर) खाली ओढून विषय वळवायचा. त्यात संकोच करणारा निवेदक अशा विषयाला बसवूच नये, असं माझं ठाम मत आहे.

आमचीही जबाबदारी आहे. नंबर लिहिलेला कागद टेबलावर उघडा टाकणं, किंवा कार्यक्रम संपल्यावर कोणी त्याच नंबरवर 'सहज चौकशीला' फोन करणं, हे मला अक्षम्य वाटतं. तो फोन नवऱ्यानं उचलला तर?

म्हणून लाइन आत देण्याआधी मी प्रत्येकीला चार गोष्टी सांगते. हँडसेट घरात सगळे वापरत असतील तर कॉलच्या यादीतून आमचा नंबर काढून टाका. मुलांची नावं, नोकरीचं ठिकाण, दवाखान्याचं नाव सांगू नका. कार्यक्रम ध्वनिमुद्रित होतो आणि पुन्हा लागू शकतो. नको असेल तर मला आत्ताच सांगा, मी तशी नोंद करते. आणि बोलावंसं वाटत नसेल तर प्रश्न मला सांगा, निवेदक तो तुमच्या नावाशिवाय वाचेल.