संगणकाचे ध्वनिमार्ग आणि आवाजाचे नियमन

संगणकाच्या पडद्यावरील आवाजाची पट्टी खाली ओढली की आवाज लहान होतो, हा नित्याचा अनुभव होय. परंतु ती पट्टी नेमके काय करते, हे ध्वनी कोणत्या मार्गाने बाहेर पडतो यावर अवलंबून असते. एखाद्या मार्गात तिचा काहीच परिणाम होत नाही. श्रवणविषयक प्रयोग करणाऱ्यास हा भेद ठाऊक नसेल, तर निष्कर्ष चुकतातच, शिवाय ऐकणाऱ्याच्या कानांसही अपाय संभवतो.

विंडोज प्रणालीचे उदाहरण घेऊ. २००७ साली सर्वसाधारण ग्राहकांस उपलब्ध झालेल्या व्हिस्टा आवृत्तीपासून तीत दोन पद्धती आहेत. सामायिक पद्धतीत सर्व प्रोग्रॅमांचे ध्वनी प्रथम एका मिश्रकात एकत्र येतात. ध्वनी म्हणजे येथे संख्यारूप नमुन्यांची मालिका. तेथे प्रत्येक नमुन्यास एका गुणकाने गुणले जाते. गुणक निम्मा केला की पातळी सुमारे ६ डेसिबेलने उतरते.

अनन्य पद्धतीत एकच प्रोग्रॅम ध्वनियंत्राशी थेट व्यवहार करतो. मिश्रक वगळला गेल्याने नमुने अविकृत पोहोचतात. पण त्याबरोबर तो गुणाकारही वगळला जातो. यंत्रात स्वतःचे नियंत्रक असेल तरच प्रणालीची पट्टी चालते. नसेल, आणि प्रोग्रॅमनेही पातळी घटविली नसेल, तर ध्वनी पूर्ण पातळीवर उमटतो.

डॉल्बी डिजिटलसारखा संकेतबद्ध प्रवाह जसाच्या तसा बाहेर धाडल्यास अडचण निराळी असते. त्यातील संख्या नमुने नसून संक्षिप्त संकेत असतात. त्यांना गुणले तर आवाज घटत नाही, संकेतच निरर्थक होतो. म्हणून तेथे नियमन संकेत उलगडणाऱ्या रिसीव्हरकडेच राहते.

गुणाकारासही मोल द्यावे लागते. १६ बिटांत ६५,५३६ पातळ्या मावतात. त्यांचा आवाका सुमारे ९६ डेसिबेल. १६ बिटांच्याच निर्गमात २४ डेसिबेल घट केल्यास सुमारे ४ बिटांची सूक्ष्मता लोपते. निर्गम २४ बिटांचा असल्यास ही हानी बव्हंशी टळते.

सारांश, प्रयोगवृत्तात केवळ पट्टीचे स्थान नोंदविणे पुरेसे नाही. ज्या मार्गाने ध्वनी ऐकविला, त्याच मार्गावर हेडफोनपाशी पातळी मोजली पाहिजे. आणि पद्धती बदलल्यावर, हेडफोन कोणाच्याही कानांवर चढविण्यापूर्वी, ते मापन पुन्हा केले पाहिजे.