विहाराच्या पायऱ्या आणि अपंग उपासक

‘उदान’ ग्रंथातील सुप्पबुद्ध हा कुष्ठरोगी राजगृहातील जमाव पाहून अन्नाच्या आशेने आला. देशना चालू आहे हे कळताच तो एका बाजूस बसला. तथागतांनी परिषदेवर दृष्टी टाकून त्यालाच उद्देशून धम्म सांगितला. आमच्या बुद्धपौर्णिमेला मात्र अनेक ठिकाणी अपंग उपासक पायऱ्यांपाशीच अडतो. फार तर त्यास उचलून नेतात, आणि यालाच सेवा म्हणतात!

१ फूट उंच ओट्यास निदान १२ फूट लांबीचा उतार लागतो. मंडप आखतानाच तो आखावा. त्रिसरण-पंचशील चालू असता सांकेतिक भाषा जाणणारी व्यक्ती उजेडात उभी असावी. चाकाच्या खुर्चीची जागा कोपऱ्यात नव्हे, कुटुंबीयांच्या रांगेतच हवी. अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. वर्गणीच्या अंदाजपत्रकात उताराचा खर्च आम्ही ध्वनिक्षेपकाच्या आधी लिहू.