प्रकाश दिसतो, पण ध्वनि उमटत नाहीं

एका बाजूस लहानसा मीडिया प्लेअर, दुसऱ्या बाजूस वडिलांच्या वेळचा भक्कम अँप्लिफायर, आणि या दोहोंना जोडणारी बारीक काळी ऑप्टिकल केबल, अशी मांडणी आपल्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरीं असेल. ती वर्षानुवर्षें सुरळीत चालते. आणि एके दिवशीं पडद्यावर चित्र यथास्थित असतां ध्वनि मात्र मुळींच निघत नाहीं. मग 'अँप्लिफायर गेला' असा निकाल देऊन तो दुरुस्तीस धाडण्याची किंवा मोडींत काढण्याची घाई होते. ज्या घरांतील वृद्ध मंडळी प्रकृतीमुळें मंदिरांत न जातां रविवारची उपासना याच यंत्रावर ऐकतात, त्या घरीं तर ही शांतता फारच जाचक होते. वस्तुतः अशा वेळीं पुष्कळदां एकही भाग बिघडलेला नसतो. हें कसें, तें पाहूं.

या केबलमध्यें तांब्याची तार नसते. सुमारें १ मिलिमीटर जाडीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तंतु असतो. जपानांतील तोशिबा कंपनीनें ही योजना १९८३ सालीं प्रचारांत आणली, म्हणून तिला 'टॉसलिंक' असेंही नांव आहे. प्लेअरमधील एक चिमुकला तांबडा दिवा अतिशय वेगानें लुकलुकतो. त्याचा प्रकाश तंतूच्या कडांवर आपटून पुन्हां आंत फिरतो व दुसऱ्या टोकास पोहोंचतो. भौतिकशास्त्राच्या वर्गांत आपण ज्यास पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतों, तेंच हें. साध्या सीडीचें संगीत घेतलें तरी सेकंदास १४,११,२०० अंक या वाटेनें जातात. प्रकाशावरून वाणी पाठविण्याची कल्पना मात्र जुनी आहे. टेलिफोनचा जनक बेल यानें १८८० सालींच सूर्यकिरणांवरून बोलून दाखविलें होतें. तंतूंतून विजेचा प्रवाह वाहत नसल्यामुळें एका यंत्राची विजेची गुणगुण दुसऱ्यांत शिरत नाहीं, हा या केबलचा मोठाच गुण होय.

परंतु हा मार्ग एकेरी आहे, आणि सारी मेख येथेंच आहे. प्लेअर बोलतो, अँप्लिफायर ऐकतो. पण 'मला हें समजलें नाहीं' असें उलट कळविण्यास अँप्लिफायरजवळ कांहीं साधनच नाहीं. एचडीएमआय केबलवरून यंत्रें एकमेकांची पात्रता आधीं विचारून घेतात. येथें तशी सोय नाहीं. म्हणून प्लेअर न समजणाऱ्या भाषेंत तासन्‌तास बोलत राहतो आणि अँप्लिफायर गप्प बसतो. बाबेलच्या बुरुजावर निदान लोकांना आपला घोटाळा झाला एवढें तरी कळलें असावें!

याकरितां तपासणीचे दोन भाग करावे: प्रकाश पोहोंचतो काय, आणि पोहोंचलेली भाषा समजते काय.

पहिला भाग सोपा आहे. प्लेअर चालूं ठेवून केबलचें अँप्लिफायरकडील टोक काढावें व तळहातासमोर धरावें. तांबडा ठिपका उमटला पाहिजे. न उमटल्यास प्लेअरच्या सॉकेटांत पाहावें. तेथें तांबूस उजेड असेल तर दोष केबलचा. ती कोठें तीव्र कोनांत वळली असेल, कपाटामागें चेपली असेल, किंवा नवी असल्यास टोंकावरील बारीक पारदर्शक टोपण काढावयाचें राहिलें असेल. सॉकेटांतही अंधार असेल तर बहुधा प्लेअरच्या सेटिंगमध्यें ऑप्टिकल ध्वनि बंद आहे. अँप्लिफायरचें सॉकेट काळोखें दिसतें म्हणून कित्येकजण घाबरतात. पण तें ऐकणारें सॉकेट आहे, त्यानें उजेड पाडावयाचा नसतोच. शेवटीं केबल 'टक्‌' असा आवाज होईपर्यंत घट्ट बसवावी, आणि अँप्लिफायरवर योग्य इनपुट निवडलें आहे ना, तेंही पाहावें.

प्रकाश असूनही ध्वनि नसेल, तर दोष भाषेचा समजावा. या केबलवरून मुख्यतः दोन तऱ्हांनी ध्वनि जातो. एक पीसीएम, म्हणजे दोन वाहिन्यांचा सरळ, न दाबलेला ध्वनि. ही भाषा डिजिटल इनपुट असलेल्या बहुतेक सर्व अँप्लिफायरांस कळते. दुसरी, डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस या पद्धतींनीं दाबून बांधलेली गांठोडी. ती सोडविण्याचें ज्ञान अँप्लिफायरास असेल तरच उपयोग. नसेल, तर एक तर शांतता, नाहीं तर नुसती खरखर. म्हणूनच एक चित्रपट बोलतो व दुसरा मुका राहतो, किंवा मेनूचे टकटक आवाज ऐकूं येतात पण चित्रपट सुरू होतांच सर्व थांबतें, असा चमत्कार दिसला कीं यंत्र धडधाकट आहे असें खुशाल समजावें. डॉल्बी ट्रूएचडीसारखे नवे मोठे ध्वनिप्रकार तर या केबलमध्यें मावतच नाहींत.

उपाय असा. प्लेअरच्या ध्वनिविषयक सेटिंगमध्यें जाऊन 'बिटस्ट्रीम' किंवा 'पासथ्रू' बंद करावें आणि 'पीसीएम' अथवा 'स्टिरिओ' निवडावें. नमुनादर १९२ किलोहर्ट्‌झ ठेवला असल्यास ४८ वर आणावा. येवढ्यानें ध्वनि परतला, तर अँप्लिफायरच्या पुस्तिकेंत लिहिलेल्या भाषा एकेक करून पुन्हां चालूं कराव्या, आणि प्रत्येक वेळीं ऐकून पाहावें. सर्व एकदम बदलूं नयेत. मग कोणत्या बदलानें काय झालें, हें कधींच उमगत नाहीं.

काल चालत होतें तें आज कां बंद पडलें, असा प्रश्न साहजिक आहे. सॉफ्टवेअर नवें झालें कीं पुष्कळदां जुन्या सेटिंगा पुसल्या जातात. वीज एकाएकीं गेली-आली तरी यंत्रें कधीं कधीं अडखळतात. दोन्ही यंत्रांचे प्लग मिनिट-दोन मिनिटें काढून ठेवून पुन्हां लावणें, हा उपाय दिसावयास अडाणी असला तरी गुणकारी आहे.

इतकें करूनही शांतताच राहिली, तर शेजाऱ्याचा प्लेअर आणून आपल्या अँप्लिफायरास जोडावा. तो बोलला, तर दुरुस्तीस आपला प्लेअर न्यावयाचा. न बोलला, तर मात्र तें जड अँप्लिफायर रिक्षांत घालण्यास हरकत नाहीं.