आकाशातून टाकलेली सदिच्छा

ऑक्टोबर 2001 मध्ये अफगाणिस्तानवर बॉम्बहल्ले सुरू झाले, तेव्हा अमेरिकी विमानांनी अन्नाची पाकिटेही टाकली. आत काय असावे याचा विचार नीट झाला होता. कुठल्याही धर्माच्या माणसाला चालावे म्हणून मांस वगळले होते. पाकिटाचा रंग मात्र पिवळा, आणि क्लस्टर बॉम्बमधून विखुरलेले, न फुटलेले छोटे बॉम्बही पिवळेच. मग दोन्हींतला फरक रेडिओवरून सांगावा लागला. पुढे पाकिटे निळी करायचे ठरले. ही चूक अपमानाची नव्हे, जिवावरची होती. पण नंतरच्या चुकांची जातही तीच: देणाऱ्याने आपल्याच नजरेने वस्तू तपासलेली.

ऑगस्ट 2007 मध्ये खोस्त प्रांतात हेलिकॉप्टरमधून मुलांसाठी फुटबॉल टाकले गेले. तालिबानने ज्या देशात स्टेडियममध्ये लोकांना जाहीर देहदंड दिला, तिथे मुलांना चेंडू द्यावेत, ही कल्पना खरोखर चांगली. पण त्या चेंडूंवर देशोदेशीचे झेंडे होते, त्यांत सौदी अरेबियाचाही. त्या झेंड्यावर कलमा, म्हणजे इस्लामच्या श्रद्धेचे वचन, लिहिलेला असतो. म्हणून तो राष्ट्रीय दुखवट्यातही अर्ध्यावर उतरवत नाहीत. आणि इथे तो लाथेने उडवायचा! खोस्तमध्ये शंभरेक लोक निदर्शनाला उतरले, अमेरिकी सैन्याने दिलगिरी व्यक्त केली. हे आधी कळायला हेरखाते लागत नव्हते. 1994 च्या विश्वचषकात मॅकडोनाल्ड्सने हाच झेंडा खाऊच्या पिशव्यांवर छापून मुस्लिमांचा रोष ओढवून घेतला होता. तळावरच्या एखाद्या अफगाण दुभाष्याला चेंडू नुसता दाखवला असता तरी भागले असते.

फेब्रुवारी 2012 मध्ये अमेरिकेच्या बगराम तळावर कुराणाच्या प्रती जाळल्या गेल्या. उसळलेल्या दंगलींत तीसहून अधिक माणसे मेली, ओबामांनी माफी मागितली, सैनिकांना धर्मग्रंथ कसे हाताळावेत याचे प्रशिक्षण देण्याचे आदेश निघाले.

तरीही सप्टेंबर 2017 मध्ये परवान प्रांतात पत्रके पडली. चित्रात सिंह कुत्र्याच्या मागे लागलेला. कुत्रा म्हणजे तालिबान, म्हणून त्याच्या अंगावर तालिबानचा झेंडा, आणि झेंड्यावर पुन्हा तोच कलमा. मुस्लिमांच्या लेखी कुत्रा अपवित्र. पत्रक लोकांना आपल्या बाजूला वळवण्यासाठी होते; प्रत्यक्षात त्याने तालिबानला आयते निमित्त दिले. लगेचच बगराम तळाच्या दाराशी आत्मघाती हल्ला झाला आणि तालिबानने तो या अपमानाचा सूड म्हणून मिरवला. मेजर जनरल जेम्स लिंडर यांनी माफी मागितली. युद्धाला तेव्हा सोळा वर्षे होत आली होती. नवखेपणाची सबब 2001 मध्ये एकवेळ चालली असती, 2017 मध्ये नाही.