जुनी वास्तू, नवे दुकान : सिमेंट जरा लांबच ठेवा

मुंबईच्या हॉर्निमन सर्कलवरील एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये 2012 साली स्टारबक्सचे भारतातील पहिले कॅफे सुरू झाले. फोर्टमधल्या कितीतरी जुन्या वास्तूंमध्ये आज कार्यालये, दालने, उपाहारगृहे आहेत. असा बदल करताना पहिली कसोटी लागते ती भिंतींची.

या भिंती दगड-विटांच्या आणि चुन्याच्या. भिजवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कडक होतो, तरी सच्छिद्र राहतो. म्हणून पावसाळ्यात मुरलेली आणि जोत्यातून चढलेली ओल पुढे सुकून बाहेर पडते. वर सिमेंटचा गिलावा चढवला की ही वाट बंद. ओलीतल्या क्षारांचे मग आतच स्फटिक होतात आणि त्यांच्या दाबाने दगड-विटांचे पापुद्रे सुटतात. शिवाय इमारत किंचित हलली तर चुन्याचा सांधा ते सोसतो. ताठर सिमेंटशेजारची वीट मात्र तडकते.

दुसरा प्रश्न वजनाचा. राहत्या खोलीसाठी दर चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरतात, कागदपत्रांच्या किंवा मालाच्या साठ्यासाठी 500 किलो किंवा त्याहून जास्त. त्यामुळे लाकडी तुळयांची भिंतीत रुतलेली टोके आधी तपासावीत. कुजणे बहुधा तिथूनच सुरू होते.

मुंबईत वारसा वास्तूंसाठी 1995 पासून नियमावली आहे. तेव्हा सजावटकाराआधी वारसा-संवर्धनाचा अनुभव असलेल्या स्थापत्य अभियंत्याला गाठा. पुढचा मोठा खर्च वाचेल.