सिरियम ऑक्साइडचे उष्माविद्युत वर्तन : तापमान व ऑक्सिजन यांची भूमिका

प्रस्तावना

एखाद्या पदार्थाची दोन टोके भिन्न तापमानांस ठेवली असता त्यांच्यामध्ये विभवांतर निर्माण होते. थॉमस सीबेक यांनी १८२१ साली केलेल्या प्रयोगांवरून या परिणामास त्यांचे नाव मिळाले. तापमानातील एक केल्व्हिन फरकामागे मिळणाऱ्या विभवांतरास सीबेक सहगुणक म्हणतात. कक्ष तापमानाजवळ उपयोगी पडणारी बिस्मथ टेल्युराइडसारखी द्रव्ये भट्टीच्या तापमानास हवेत टिकत नाहीत. म्हणूनच ऑक्साइड सिरॅमिकांचा अभ्यास महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात दुर्मीळ मृदा गटातील सिरियम डायऑक्साइडचा विचार केला आहे.

विद्युतवहनाचे स्वरूप

शुद्ध सिरियम डायऑक्साइड विसंवाहक आहे. उच्च तापमानास व अल्प ऑक्सिजनदाबाखाली त्यातून ऑक्सिजन निघून जातो. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ऑक्सिजन अणूमागे दोन इलेक्ट्रॉन उरतात आणि दोन सिरियम आयनांची संयुजा चारवरून तीन होते. हा इलेक्ट्रॉन मुक्तपणे वाहत नाही. भोवतालच्या स्फटिकजालास विकृत करून तो एकाच आयनापाशी अडकतो व औष्णिक ऊर्जेच्या साहाय्याने शेजारच्या आयनाकडे उडी घेतो. यालाच लघु पोलॅरॉन म्हणतात. अल्प ऑक्सिजन-न्यूनता असताना या उडीसाठी सुमारे ०.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते.

तापमानानुसार होणारा बदल

येथे दोन परिस्थिती वेगळ्या मानल्या पाहिजेत. नमुन्यातील ऑक्सिजनचे प्रमाण स्थिर ठेवल्यास वाहकांची संख्या बदलत नाही. वरील ऊर्जा धरून गणित केल्यास १००० वरून १२५० केल्व्हिनपर्यंत जाताना विद्युतवाहकता सुमारे दुप्पट होते. सीबेक सहगुणक मात्र जवळजवळ तोच राहतो. कारण तो उडीच्या वेगावर नव्हे, तर इलेक्ट्रॉन असलेल्या व नसलेल्या आयनांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो. हाइक्स यांच्या सूत्रानुसार, फिरकीचे योगदान वगळता, १० टक्के आयनांवर इलेक्ट्रॉन असल्यास सहगुणक सुमारे उणे १८९ मायक्रोव्होल्ट प्रति केल्व्हिन येतो. १ टक्का असल्यास सुमारे उणे ३९६.

याउलट ऑक्सिजनदाब स्थिर ठेवून तापमान वाढविल्यास ऑक्सिजन अधिकाधिक निघून जातो व वाहक वाढतात. त्यामुळे वाहकता अधिक वेगाने वाढते आणि सहगुणकाचे परिमाण घटते. म्हणजेच एकाच नमुन्याचे दोन भिन्न आलेख मिळू शकतात.

मापनातील दक्षता

केवळ वाहकतेच्या आलेखाच्या उतारावरून सक्रियण ऊर्जा काढल्यास वाहकांची निर्मिती व त्यांची गतिशीलता यांची गल्लत होते. सीबेक सहगुणकाचे मापन या दोहोंस विलग करते. म्हणून दोन्ही राशी एकाच वेळी मोजाव्यात आणि नमुन्याभोवतीच्या वायूची नोंद तापमानाइतक्याच काटेकोरपणे ठेवावी. नवे तापमान गाठल्यावर नमुना वायूशी समतोलास येईपर्यंत वाचन घेऊ नये.

समारोप

इलेक्ट्रॉनांची गतिशीलता अल्प असल्याने सिरियम ऑक्साइड हे वीजनिर्मितीचे उत्तम द्रव्य ठरत नाही. तथापि, ऑक्साइड सिरॅमिकांच्या बाबतीत वातावरणाचा उल्लेख नसलेला ‘तापमानानुसार वर्तना’चा आलेख अपुरा असतो, हे त्याच्या अभ्यासातून स्पष्ट होते.